बाजारसाहेबाला चवळीखाऊ म्हटलं, त्याची गोष्ट

माली देशातल्या सेगूच्या बाजारात कोरोतिमी कोने चवळीची भजी तळायची, आणि दिवसभर बोलणीही चवळीवरूनच खायची.

“काय गं चवळीखाऊ, गिऱ्हाइकाला उरलीत का चार, की तळता तळता सगळी गिळलीस?” शेजारचा म्हातारा शिंपी बूरामा त्राओरे मशीनवरून ओरडायचा. तोंडात अर्थातच तिचंच भजं.

“गिळ मेल्या! तुझा आजा आमच्या आजाच्या दारात चवळी निवडायचा. मालकाच्या लेकीशी नीट बोल!”

नव्या गिऱ्हाइकाला वाटे, आता कढई उडणार. जुन्यांना ठाऊक होतं, कोने आणि त्राओरे या दोन कुळांची थट्टेची भावकी. एकानं वाटेल ते बोलावं, दुसऱ्यानं रागावू नये. रागावला तर बाजारभर त्याचंच नाक कापलं जातं. आणि या नात्यानं काही मागितलं तर नाही म्हणू नये. कोरोतिमीचे वडील गेले तेव्हा हाच बूरामा जनाज्याच्या वाटेत आडवा पडला होता. “या चवळीखाऊनं माझ्या वाटची चवळीही खाल्लीय. ती मिळेपर्यंत याला जाऊ देणार नाही!” रडून सुजलेल्या डोळ्यांनी कोरोतिमी हसली, मूठभर चवळी त्याच्या टकलावर फेकली, आणि मगच वडिलांची वाट मोकळी झाली.

तिच्या चुलीवर बालांझानच्या झाडाची सावली होती. हे झाड उलट्या डोक्याचं. पावसाळ्यात सारं रान हिरवं असताना हे उघडंबोडकं, आणि उन्हाळ्यात बाकीची होरपळली की हे पानांनी गच्च. सेगूच्या उन्हात त्या सावलीशिवाय भज्यांच्या आधी कोरोतिमीच तळून निघाली असती.

आणि नेमका त्या उन्हाळ्यात रस्ता रुंद करायचं निघालं. नवा बाजारसाहेब आला. उंच, वाळका, अबोल. टोमॅटोवाल्या रडल्या, मासेवाल्या भांडल्या, पण साहेबाच्या तोंडावरची माशी हलली नाही. त्याच्या शिपायानं दोर धरला तो थेट कोरोतिमीच्या चुलीवरून. सकाळी त्या रेषेवर चुना पडणार, झाड तुटणार, आणि चूल जाणार गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथं भजी खायला येणार कोण? शेळ्या!

“एवढी काय घाबरतेस?” बूरामा सुईत दोरा ओवत म्हणाला. “साहेब आमच्यातलाच आहे. त्राओरे.”

“खरं सांगतोस?”

“आईशपथ.”

सकाळी साहेब चुना घेऊन आला. कोरोतिमी झारा उगारून आडवी उभी राहिली.

“ए चवळीखाऊ! आमच्या घरच्या गड्याला कुणी साहेब केलं रे? मालकिणीची चूल उठवतोस? आधी ओठाला लागलेली चवळी पूस!”

शिपाई पांढराफटक पडला. “बाई, शुद्धीवर आहेस ना? हे दियोपसाहेब. तिकडे पश्चिमेच्या कायेसचे!”

तिनं उगारलेला झारा पाठीमागे लपवला. परका माणूस, त्यातून साहेब, आणि भर बाजारात चवळीखाऊ! तिनं बूरामाकडे पाहिलं. तो शिवायच्या झग्यामागे तोंड लपवून हसण्यानं गदगदत होता. साहेब तोंडाला रुमाल लावून तरातरा नदीकडे निघून गेला.

त्या दिवशी कोरोतिमीनं तळलेलं प्रत्येक भजं करपलं. झाडाकडे तिला बघवेना. बूरामानं दोनदा चिडवून पाहिलं, पण तिनं उलटी शिवी दिली नाही. तेव्हा मात्र म्हाताराही जरा घाबरला.

दुपारच्या नमाजानंतर साहेब आला आणि चुलीपुढच्या बाकड्यावर बसला.

“साहेब, माफ करा, मला वाटलं...”

“माफी कसली मागतेस? आमच्याकडे त्राओरेंनाच दियोप म्हणतात. तुम्ही कोने ते आमच्याकडे न्दियाय. भावकी तीच.” साहेबानं खिशातून रुमाल काढला. “इथं आल्यापासून सगळे नुसतं ‘साहेब, साहेब’ करतात. एकानं शिवी दिली नाही. वाटलं, या गावात आपलं कुणीच नाही. सकाळी तू बोललीस, आणि आमच्या गावची न्दियाय म्हातारीच समोर उभी राहिली. साहेबानं बाजारात रडू नये, म्हणून नदीवर गेलो.” त्यानं नाक पुसलं आणि तोंड पुन्हा ताठ केलं. “आता भजी वाढ, चवळीखाऊ. आणि तुझी तू खाऊ नकोस!”

कोरोतिमीनं इतका मोठा श्वास सोडला की चुलीतली राख उडाली.

“वाढते, गड्या. पण भावकीच्या नात्यानं मागते, माझं झाड मला ठेव.”

साहेबानं कपाळावर हात मारला. आता नाही म्हणायची सोय नव्हती. “दोर पलीकडे घे रे,” तो शिपायाला म्हणाला. “तिकडे नुसतं गवतच आहे. एक चवळीखाऊ कमी झाली तर मी बोलणी कुणाची खाऊ?”

बूरामा झग्यामागून बाहेर आला. “मी खोटं बोललो होतो का?”

कोरोतिमीनं सकाळपासूनची सगळी करपलेली भजी त्याच्यापुढे ओतली. “खा, थेरड्या. एकही उरता कामा नये!”

त्या नात्यानं मागितलेलं होतं. नाही म्हणता येईना. बूरामा मुकाट्यानं खायला बसला, आणि थोड्या वेळानं साहेबानंही त्यातलं एक उचललं.