बोथट सुई

लग्नाआधी मी मिरजेत नर्सचं शिक्षण घेतलं होतं. सासर मलकापूरजवळ. तिथं त्या शिक्षणाचा विषय निघाला की सासूबाई म्हणायच्या, "परक्यांचं हगमूत काढलंय त्या हातांनी. माझ्या भाकरीला लावायचं न्हाई." चार वर्षं मी गोठा काढला, भांडी घासली, चुलीपुढं बसले नाही.

मग त्यांना जुलाब-उलट्या लागल्या. पोटात पाणी ठरेना. दवाखान्यात जायला तयार नव्हत्या, म्हणून कराडचे डॉक्टर घरी आले. त्यांनी सलाईन लावलं आणि मला बजावलं, "नळी, सुया उकळून घ्या. नळीत हवा राहू देऊ नका. यांचं हृदय कमजोर आहे, थेंब हळूच पडू द्या."

दोन दिवस घड्याळ समोर ठेवून मी थेंब मोजले. तिसऱ्या दिवशी दुपारी कपडे घेऊन विहिरीवर गेले, तेवढ्यात सासूबाईंनी थोरल्या जावेला सांगितलं, "ती मुद्दाम हळू सोडती. सैल कर तो नळीवरचा चिमटा." जावेनं केला. मी परतले तेव्हा बाटली संपत आलेली, सासूबाईंना धाप लागलेली, ओठ निळे. मी चिमटा आवळला, त्यांना टेकवून बसवलं, डॉक्टरांना बोलावणं धाडलं.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सलाईन बंद केलं. पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ मी शिरेतून औषध द्यायचं ठरलं. ते गेल्यावर जरा श्वास येताच सासूबाई म्हणाल्या, "हिनं मारायला घेतलं हुतं मला." जाऊ बाटली उचलून आत गेली. नवऱ्यानं सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली वाजवली.

सकाळी मी दोन सुया उकळल्या. एक नवी, एक टाकून द्यायची राहिलेली, बोथट. मी बोथट उचलली. शीर स्वच्छ दिसत होती, तरी तीनदा टोचलं. औषध मात्र सावकाश, शिकवलं होतं तसंच दिलं. सासूबाई ओरडल्या नाहीत. माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.

संध्याकाळी पुन्हा तीच सुई.

"हळू गं बाई," त्या म्हणाल्या.

"शीर सापडत नाही, आत्याबाई."

त्या बऱ्या झाल्या, पुढं नऊ वर्षं जगल्या. टोचल्याचं कुणाला बोलल्या नाहीत. मी काहीही घेऊन जवळ गेले की हात पदराखाली ओढून घ्यायच्या. ते बघून मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू.