दोन रकान्यांमधली रेष

सकाळच्या चहाआधी फादर फिन्बार प्रार्थनागृहातल्या वहीत एकच नाव लिहायचे: ॲन्सेल्म. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, ज्यांच्यासाठी अर्पण करायची त्यांची नावं त्या वहीत येत. डावा रकाना जिवंतांचा, उजवा मृतांचा. फादर मधल्या रेषेवर लिहायचे.

"रकान्यात लिहायला शिकला नाहीस, शाळेत मार कमी खाल्लास तू," मिस्सा सांगणारे फादर डर्मट चिडवत.

"तुझ्या वाट्याचासुद्धा मीच खाल्ला."

आयर्लंडमधल्या स्लायगोतल्या वृद्ध धर्मगुरूंच्या त्या घरी मी शनिवार-रविवार काम करायचे, एरवी एम. ए.चा अभ्यास. दुसऱ्याच आठवड्यात वहीतली नावं टाइप करून रविवारच्या मिस्सेत वाचायचा कागद तयार करायचं काम माझ्याकडे आलं. संगणकावरच्या तक्त्यात रेषेवर लिहिता येईना. रोज इतक्या नेमानं आठवण काढतात म्हणजे माणूस गेलेलाच असणार, असं मी धरलं. नाव उजवीकडे टाकलं.

रविवारी फादर डर्मटनी वेदीवरून वाचलं, "फादर ॲन्सेल्म यांच्या आत्म्याला चिरशांती मिळो."

फादर फिन्बार उभे राहिले. काठी पडली.

"कुणी कळवलं? पत्र आलं का?"

ते एकेका चेहऱ्याकडे बघत राहिले. माझ्याकडेही.

"अगं, विचारायचंस तरी!" प्रमुख नर्स शर्वाणीताईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. मग एका दमात सांगितलं. विषुववृत्ताजवळच्या एका लहान देशात फादर फिन्बार बावीस वर्षं होते. नऊ वर्षांपूर्वी तिथे क्रांती झाली. चर्चना कुलुपं लागली, तिथल्या धर्मगुरूंना ट्रकमधून नेलं, परदेशी धर्मगुरूंना विमानात बसवलं. फादरांच्या हाताखालचा तरुण धर्मगुरू ॲन्सेल्म त्यांची बॅग घेऊन विमानतळापर्यंत आला होता. दारावरच्या सैनिकानं त्याला दोन मिनिटांसाठी म्हणून बाजूला बोलावलं. रांग पुढे सरकली, फादरही सरकले. मागे वळून पाहिलं तर नुसती बॅग होती.

त्यानंतर ना पत्र, ना कबर.

मी तशीच त्यांच्यापाशी गेले.

"फादर, चूक माझी आहे. कसलीच बातमी आलेली नाही."

"म्हणजे अजून काहीच माहीत नाही?"

"नाही."

"ग्रँड, मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागले.

पुढे मी तो कागद हातानंच लिहू लागले. पट्टीनं रेष आखायची, रेषेवर ते नाव. फादरांनी त्या चुकीचा विषय पुन्हा काढला नाही. रोज लिहीत राहिले.

मार्चमधल्या एका रविवारी पहाटे ते झोपेतच गेले. मी पोचले तेव्हा वहीतली रेष कोरी होती. तिच्यावर ॲन्सेल्मचं नाव मी लिहिलं. मग उजव्या रकान्यात फादर फिन्बारांचं.

आदल्या संध्याकाळी मी कोट चढवत होते, तेव्हा ते खुर्चीतून म्हणाले होते, "पळ, बस चुकेल तुझी. आणि जाताना वहीचं उद्याचं पान उघडून ठेव."