पिशवीवरची चरबी

मी वेल्ह्याच्या डोंगरातली, शेळ्यांमागे उभे चढ पळणारी. संस्थानाच्या काळात भाटघरला सून म्हणून आले, तेव्हा सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "कुठनं आणलं ह्ये पाप्याचं पितर? हिच्या अंगात पोर ऱ्हाणार कुठं?" तेव्हापासून मला पोसणं सुरू झालं. भाकरीवर वाटीभर तूप, दुपारी डिंकाचे लाडू, वर शेतात जायची बंदी. जळलं मेलं ते तूप! अजून वास आला की पदर नाकाला लावते.

दोन वर्षांत मी अशी सुटले की चोळ्या उसवायला लागल्या. मग पाळी थांबली. सासूबाईंनी गावभर गूळ वाटला. पाचव्या महिन्यात सुईण आली, पोट चाचपलं आणि म्हणाली, "ह्यात काय बी न्हाई. नुसतं तूप हाय." जमलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. सासूबाईंनी त्याच दिवशी लेकाला बजावलं, "दिवाळीपातुर बघायचं, मग दुसरी आणायची." नवऱ्यानं मुकाट मान डोलावली, भित्रा कुठला!

त्याच सुमारास गोठ्यातली म्हैस गाभण राहीना. हीच सासू तिच्या पाठीवरनं हात फिरवून गड्याला म्हणाली, "पिशवीवर चरबी चढलीया हिच्या. पेंड बंद करा, रोज लांब हिंडवा."

मी चुलीपुढनं उठले. "आत्याबाई, मग माजी पेंड कवा बंद करताय?"

"तोंड बघा हिचं! बाई आन् जनावर येक व्हय गं?"

आमच्या डोंगरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, लठ्ठ शेळी गाभण राहत नाही. म्हशीला हिंडवायचं काम मी भांडून घेतलं. तूप गुपचूप कुत्र्याला घालत होते. धरणाच्या काठानं आम्ही दोघी रोज चालायचो. दोघींचं अंग उतरलं.

दिवाळीच्या आधी म्हैस गाभण राहिली. त्याच आठवड्यात मला पाळी आली. इतक्या महिन्यांनी! मी परसात जाऊन आनंदानं रडले. आता मलाही दिवस राहणार होते. पण मी बाहेर बसलेली बघून सासूबाई ओरडल्या, "बगा! अजून इटाळच धरतीया. वांझ ती वांझच." म्हशीसाठी थांबल्या, माझ्यासाठी आणखी चार महिने धीर निघाला नाही त्यांना.

दिवाळीनंतर दुसरी आली. माझ्यासारखीच काटक, डोंगरातली. पहिल्याच जेवणाला सासूबाईंनी तिच्या भाकरीपुढं तुपाची वाटी सरकवली. मी ती उचलली आणि त्यांच्या देखत उकिरड्यावर भिरकावली.