जमत नाही

एक्कावन्न वर्षांची होईपर्यंत मी चांगली बाई होते. हे मी नाही, आमचं अख्खं खानदान सांगेल. कुणाचं बाळंतपण असो, कुणी दवाखान्यात असो, पहिला फोन मला. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी चौदाची होते आणि भाऊ सहाचा. त्याला मीच वाढवलं. लग्नानंतर गांधीबागेतलं आमचं मॅचिंग सेंटर आलं, ब्लाउजपीस आणि फॉलचं. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, हा तिथला पहिला धडा. साडीशी रंग जुळत नसला तरी "दोनदा धुतलं का जमून जाईन" म्हणायचं. हे करता करता 'नाही' हा शब्द माझ्या तोंडातून कायमचा गेलाच असावा, असं मी समजत होते.

मग भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या.

तो काटोलला राहतो. स्वतःची संत्र्याची बाग आहे आणि आता त्याला संत्र्याची एक फोडसुद्धा खायची मनाई आहे, पाणीही मोजून घोटभर. आठवड्यातून दोनदा बसने इथे शहरात, धंतोलीतल्या दवाखान्यात डायलिसिसला यायचं, चार तास सुया टोचून पडून राहायचं आणि माझ्याकडे जेवून परत जायचं. त्याला क्षार चालत नाहीत, म्हणून भाजी उकळून तिचं पाणी फेकून देते मी. डॉक्टर म्हणाले, घरातल्या कुणाची किडनी मिळाली तर माणूस पुन्हा बागेत हिंडेल. भावजयीला शुगर, म्हणून ती पहिल्याच दिवशी बाद. त्याची मुलगी अजून शाळेत. राहिले मी.

"मी देतो ना," मी म्हणाले. कुणी विचारलंही नव्हतं अजून! रक्तगट जुळला, पुढच्या तपासण्या जुळल्या, आणि भावाच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी रंग आला. "ताई, बरा झालो का पयले तांब्याभर पाणी पीन. पुरा तांब्या," तो म्हणाला. भावजय माझ्या पायाच पडली.

आणि मला भीती वाटायला लागली. दुकानात कापड मोजताना हात आपोआप कमरेवर जायचा. वाटलं, नवरा तरी अडवेल. ज्या माणसाने सोफ्याच्या खोळीचा रंगसुद्धा कधी मला ठरवू दिला नाही, तो म्हणाला, "तू पाहा वं. तुले जसं वाटते तसं कर." इतका राग त्याचा मला उभ्या आयुष्यात आला नव्हता.

शेवटच्या टप्प्यात समुपदेशक बाई किडनी देणाऱ्याला एकट्यालाच आत बोलावतात. ही समुपदेशक म्हणजे माझ्या लेकीच्या वयाची मुलगी होती. "तुमची मनापासून तयारी आहे ना? कुणाचा दबाव?" तिने विचारलं. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "मला जमणार नाही."

तिने पेन खाली ठेवलं. "हरकत नाही. बरेच जण असं म्हणतात. बाहेर आम्ही एवढंच सांगतो की किडनी जमत नाही. खरं कारण कुणालाही सांगत नाही."

मला रडू फुटलं, पण ते सुटकेचं होतं, आणि हे मला त्याच क्षणी कळलं. ऑपरेशनची भीती होती, पण तेवढंच नव्हतं. मला माझ्यातलं काही द्यायचंच नव्हतं. आजवर जे दिलं ते वेळ, पैसा, हातापायाचं काम, म्हणजे माझ्याजवळ उरत होतं ते. पहिल्यांदा माझ्यातलंच मागितलं आणि मी मूठ मिटली. माणूस सोळाव्या वर्षी स्वतःला ओळखतो म्हणतात, कुणी म्हणतात लग्न झाल्यावर. मी स्वतःला एक्कावन्नाव्या वर्षी भेटले, आणि ती बाई मला मुळीच आवडली नाही.

डॉक्टरांनी बाहेर सांगितलं, शेवटच्या तपासणीत किडनी जमली नाही. माझे डोळे लाल बघून भावानेच मला जवळ घेतलं. "काहून रडून राहिली वं ताई? जमत नाही त नाही. तुह्या हातात थोडीच हाय?"

त्यानंतर दोनदा मी हो म्हणायला धंतोलीत गेले. ऑटोने थेट फाटकापर्यंत. एकदा समोरच्या गाडीवर उसाचा रस प्यायले, एकदा तर तेही नाही, त्याच ऑटोत बसून परत आले.

दोन वर्षं झाली. तो वाळत चाललाय. हाताच्या शिरा दोरखंडासारख्या सुजल्यात. गेल्या महिन्यात जेवायला बसला तो एकदम उजळलेला. शेजारच्या पलंगावरच्या पेशंटने त्याला काहीतरी सांगितलं होतं. "ताई, आता न जमणारी किडनी बी बसवते म्हणे, अगोदर दवा देऊन! आपण दोघं जाऊन डॉक्टरले विचारू का?"

मी पोळी लाटत होते. विचार करायलाही वेळ लागला नाही. "मलेबी शुगर निघाली गा," मी म्हणाले.

कुणी आधी पाठ करून घेतल्यासारखं ते बाहेर पडलं. पहिल्या वेळी मी घाबरले होते असं स्वतःला समजावता आलं होतं. या वेळी काय म्हणणार? मी अशीच आहे. तो मरतोय, त्याच्याशिवाय मला माहेर नाही, आणि तरी मी देणार नाही. देवाला काय मागू? तो जगू दे म्हणायची तर मला लाजच वाटते.

मी माझंही ताट वाढून घेऊन बसले. त्याने माझ्या ताटातला भात उचलून स्वतःच्या ताटात घेतला. "मंग भात काहून खाऊन राहिली? सांगाचं नाही का?"

परवा आला तो डबा घेऊन. जांभळाच्या बियांची पूड, शुगरवर घेतात ती. डायलिसिसच्या ज्या हाताला जोर लावायची मनाई आहे, त्याच हाताने खलबत्त्यात कुटलेली. "तुह्या भावजयीच्यानं बारीक होत नाही, म्हणून मीच कुटली. रोज सकायी उपाशीपोटी घेत जाय. आता एक चमचा घेऊन दाखव मले."

मी चमचाभर तोंडात टाकली. तो समोर उभा राहून बघत होता. ती कडू पूड मी त्याच्या डोळ्यांदेखत गिळली आणि म्हणाले, "बारीक कुटली गा."