द्वारकीचं वर्षश्राद्ध मी टीव्हीवर पाहिलं

तेरवी जेवून लोक गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लेकीने, उज्ज्वलाने, आमच्या घराला कुलूप लावलं. मांडवाचे बांबू अजून अंगणातच पडलेले होते. जावई गाडी घेऊन आले होते. माझं सामान म्हणजे दोन धोतरं, औषधाची पिशवी आणि घोंगडी. समोरच्या गोदावहिनी त्यांच्या ओट्यावर उभ्या होत्या, पण बोलल्या काहीच नाहीत. ज्या बाईचं तोंड चाळीस वर्षांत मी कधी बंद पाहिलं नाही ती गप उभी आहे, हे मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं. पण द्वारकी, माझी बायको, जाऊन चौदा दिवस झाले होते, मला काही दिसतच नव्हतं. गाडीत बसलो तो रागानेच बसलो. माझा बाप म्हणायचा, जुना बैल इकू नये आन जुना माणूस हलवू नये. ते मी उज्जीला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हटलं. तिने गाडीची काच वर केली.

पिंपळगाव राजाहून जळगाव जामोद म्हणजे काही मुंबई नाही. नांदुऱ्यावरून निघालं, पूर्णेचा पूल ओलांडला की आलंच. गावच्या ग्रुपवर हे वाचणाऱ्या तुमच्यातले जे पुण्याला, सुरतेला गेले ते हसतील. म्हणतील, बुढा तालुका बदलून आला आणि परदेशी गेल्यासारखा लिहून राहिला. हसा. सत्तरी उलटल्यावर माणसाला गल्ली बदलली तरी परदेश होतो. आपल्या विहिरीचं पाणी गोड, इथलं मचूळ. इथे गच्चीवर गेलं की उत्तरेला सातपुडा दिसतो, लोक म्हणतात किती छान. मला गावात उत्तरेला गोदावहिनीचं घर दिसायचं, मला तेवढं पुरत होतं.

आणि लेकीच्या घरी राहायचं. आपल्यात बाप लेकीच्या घरी गेला तर पाण्याचा घोट घेतानाही दहा वेळा विचार करतो. मला मुलगा नाही. पुण्यात शिकणाऱ्या नातवाची खोली मला दिली. पलंगावर गादी अशी की अंग आत बुडते. जावई शाळेत मास्तर आहेत, माणूस चांगला, मी हॉलमध्ये आलो की टीव्हीचा आवाज कमी करतात. त्याने मला जास्तच पाहुणा असल्यासारखं वाटायचं.

खोटं कशाला लिहू, वर्षभर मी उज्जीशी नीट बोललो नाही. चहा दिला तर पांचट, भाकर दिली तर कच्ची. माझं डोकं एकाच ठिकाणी अडकलं होतं. हिने मला बायकोच्या घरात महिनाभर रडूसुद्धा दिलं नाही, बांधलेलं जनावर सोडून न्यावं तसं नेलं. कोणी फोन केला की मी तेच सांगायचो, तीही ऐकत असायची. ती एकदाही उलट बोलली नाही. चहा पुन्हा करायची. मला त्याचाही राग यायचा.

आता टीव्हीचं सांगतो. गावात आमच्याकडे जुना डबा टीव्ही होता आणि छपराच्या टिनावर अँटेनाची छत्री. वारा सुटला की छत्री फिरायची आणि द्वारकी मला टिनावर चढवायची. मी वरून ओरडायचो, "आलं काय?" ती खालून ओरडायची, "मुंग्या आल्या." मी छत्री बोटभर सरकवायचो. "आता?" "आता माणूस आला, पण त्याले डोकं नाई." गोदावहिनी समोरून म्हणायच्या, मंग तुमच्याच घरचं चित्र हाय ते. अर्धा तास असा जायचा. शेवटी चित्र लागायचं आणि मी खाली येऊन झोपून जायचो. टीव्ही तीच पाहायची. मला कधी वाटलं नाही की मी टीव्हीसाठी नाही, त्या ओरडण्यासाठी वर चढायचो.

इथला टीव्ही भिंतीवर, पातळ, पाटीसारखा. त्याला छत्री नाही, केबल नाही. हॉलच्या दारावर एक पांढरा डबा ठोकलेला आहे, त्याला वायफाय म्हणतात. त्यातून नेट निघते आणि हवेतून टीव्हीत जाते. नातवाने सांगितलं तेव्हा मी हो म्हटलं. समजलं असं नाही.

उन्हाळ्यात मी न्हाणीघरातल्या फरशीवर घसरलो. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, लोखंडी वॉकर हातात आला. आणि त्यातच द्वारकीचं वर्षश्राद्ध आलं. ते गावच्या घरीच करायचं, कुलूप उघडून, हे मीच सांगितलं होतं. विधीला पुतण्या बसणार, कीर्तन होणार, पंगत होणार. डॉक्टर म्हणाले, गाडीत बसायचं नाही. मी डॉक्टरालाही बोललो, पण पाय काही ऐकेना. मग उज्जीने सांगितलं की गावातला फोटोवाला कीर्तनाचं लाईव्ह करतो, ते टीव्हीवर दिसेल, मी घरबसल्या सगळं पाहू शकेन. तिने मला तीन वेळा शिकवलं. लाल बटन दाबायचं, चौकोन येतील, मायचा फोटो असलेल्या चौकोनावर यायचं, मधलं बटन दाबायचं. शेजारची बाई दुपारी ताट आणून देणार होती. ते दोघं पहाटेच निघाले.

आता माझी चूक ऐका. आयुष्यभर मी भाजीपाल्याला पाणी दिलं. लाईन कधीही यायची, उठून मोटर चालू करायची, काम झालं की आधी खटका बंद. रिकामी मोटर फिरली की जळते. आणि द्वारकीचा घरात कायदा होता, मागे राहणाऱ्याने सगळे खटके बंद करायचे. एकदा विजेने आमचा टीव्ही जाळला होता, तेव्हापासून तर जास्तच. म्हणून त्या सकाळी ते निघाल्यावर मी वॉकर टेकत सगळ्या घरात फिरलो आणि एकेक खटका बंद केला. दारावरच्या डब्याचाही. मला वाटलं, मोटर बंद केली तरी हौदात पाणी राहतेच, तसं टीव्हीत थोडं नेट साठलेलं असेल.

दहाला टीव्हीचा खटका चालू केला आणि लाल बटन दाबलं. टीव्ही लागला, पण चौकोन काही येईनात. इंग्रजीत काहीतरी लिहून आलं. मी रिमोटची होती नव्हती ती सगळी बटनं दाबली. त्या दाबादाबीत टीव्ही त्या डब्याची ओळखही विसरला. मग उज्जीला फोन लावला. तिच्या मागे टाळ वाजत होते.

ती म्हणाली, "बाबा, डब्यावर हिरवा दिवा हाय काय?"

मी म्हटलं, "नाई."

"मंग खटका पाह्या बरं."

"खटका मीच बंद केला."

मग ती म्हणाली, "काऊन?"

"घरात कोणी पाहून नाई राह्यलं त काऊन जळू देऊ?"

ती रागावली नाही. खटका चालू करा म्हणाली, टीव्हीत नावं येतील, त्यातलं आपलं नाव निवडा, पासवर्ड डब्याच्या बाजूला कागदावर चिकटवला आहे, तो टाका. पुतण्या तिला हाका मारत होता. तेव्हा मी जे बोललो ते लिहायला नको वाटते, पण लिहितो. मी म्हटलं, "तुह्यापायी मी माह्या बायकोच्या दिवसाले नाई." तिने फोन ठेवला.

चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाने इंग्रजी पासवर्ड कसा टाकला ते सांगतो. फवारणीच्या औषधाचे डबे मी कधी वाचले नाहीत, ओळखले. कोणतं अक्षर उभं, कोणाला पोट, कोणाला शेपटी, तेवढं पाहून मी दुकानदाराला सांगायचो की मागच्या वेळचं हे नव्हे. तसंच केलं. कागद काढून गुडघ्यावर ठेवला, टीव्हीवर अक्षरांचे वाफे आले, त्यात रिमोटने एकेक घर सरकत जायचं. एक घर जास्त गेलं की मागे यायचं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा लागलं. यात किती वेळ गेला माहीत नाही, पण चौकोन आले तेव्हा ऊन खिडकीतून फरशीवर उतरलं होतं.

मधलं बटन दाबलं आणि माझं अंगण आलं.

कीर्तन संपलं होतं. टाळकरी नव्हते, महाराज नव्हते, सतरंजी रिकामी. मागे कुठेतरी पंगत बसलेली, वाढप्यांचे आवाज येत होते. फोटोवाला कॅमेरा तसाच चालू ठेवून जेवायला गेला असेल. समोर पाटावर द्वारकीचा फोटो होता. आधारकार्डावरचा मोठा केलेला, दुसरा नव्हताच. डोळे वटारलेले. एवढ्या मोठ्या पडद्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी रिमोट खाली ठेवला.

मग गोदावहिनी आल्या आणि कॅमेऱ्याच्या पुढ्यातच सतरंजीवर टेकल्या. मागून उज्जी आली, तिच्या हातात पाण्याचा गडू होता. दोघींनाही कॅमेरा चालू असल्याचं माहीत नव्हतं.

गोदावहिनी म्हणाल्या, "बुढ्यानं पाह्यलं काय वं?"

उज्जी म्हणाली, "कायचं काकू. खटका बंद करून बसले. आन रागावले मलेच."

"त्यायचं नेट जन्मभर बंदच होतं माय. द्वारकी होती म्हणून चाललं." गोदावहिनी हसल्या. मग हसू थांबवून म्हणाल्या, "सांगत काऊन नाई तू त्यायले? साल झालं आता. दवाखान्यात मी होती न खाटेपाशी."

"मायनं नाई म्हणतलं होतं."

"म्हणतलं होतं, हाव. मी त ऐकलं कानानं. तेरवी झाली का दुसऱ्याच दिशी घेऊन जाय म्हणे. एकटे राह्यले त चूल नाई पेटवणार, मुरमुरे खाऊन मरतीन."

उज्जी गडूकडे पाहत म्हणाली, "आन माहं नाव सांगू नको म्हणे. माह्यावर राग धरला त माह्यासाठी रडणार नाईत. तुह्यावर धरू दे. तू जित्ती हाय, तुह्यावरचा राग कधी ना कधी निवंल. मेलेल्यावरचा निवत नाई."

गोदावहिनी तिच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "निवला काय मंग?"

उज्जीने मान हलवली. नाही म्हणून.

तेवढ्यात फोटोवाल्याचं पोट मध्ये आलं, आणि चित्र गेलं.

मी रडलो. लिहायला लाज नाही. वर्षभर डोळ्याला पाणी नव्हतं, ते त्या हॉलमध्ये वॉकरच्या दांडीवर डोकं ठेवून निघालं. शेजारची बाई ताट घेऊन आली तेव्हा तिला सांगितलं पाय दुखतो. ती बिचारी गोळी शोधायला लागली.

संध्याकाळी दोघं आले. उज्जीच्या हातात बुंदीचा डबा होता. ती बोलायच्या आधीच मी विचारलं, "उज्जे, दवाखान्यात तुही माय अजून काय काय बोलली?"

ती दारातच थांबली. "कोणं सांगतलं तुमाले?"

मी म्हटलं, "टीव्हीनं."

जावई डबा तिच्या हातातून घेऊन आत गेले. ती माझ्या पायाशी फरशीवर बसली आणि सगळं सांगितलं, जे गोदावहिनींनाही माहीत नाही तेही. ते मी इथे लिहिणार नाही. ते आमच्या घरातलं आहे. मी तिला म्हटलं, फोनवर बोललो ते चुकलं माझं. ती म्हणाली, जेवून घ्या.

हे मी वहीत लिहिलं, नातू ते गावच्या ग्रुपवर टाकणार आहे. गोदावहिनी, वाचा आणि त्या दिवशी बोललात ते कबूल करा, कॅमेरा चालू राहिला त्यात तुमची चूक नाही. पुतण्याला माझा निरोप आहे की घराला परत कुलूप लावू नको. पुढची खोली गोदावहिनींना कांदे ठेवायला दे. बंद घराला वाळवी लागते आणि मी तिथे राहायला येईन असं मला आता वाटत नाही. येईन, चार दिवस बसेन, ओट्यावर तुमच्याशी भांडेन. गाव सोडून गेलेल्या लोकांनो, तुम्हीही तेवढंच करता, मला माहीत आहे. गावात आपलं जे होतं ते माणसांसोबत उठून गेलं. भिंती कांद्यांनी वापरल्या तर बिघडलं काय.

घर कुठलं म्हणाल तर आज सकाळचं सांगतो. वांग्याच्या भाजीचा पहिला घास घेतला आणि सवयीने म्हटलं, मीठ जास्त झालं. वर्षभर अशा वेळी उज्जी ताट उचलून न्यायची. आज तिने तव्यावरून मानसुद्धा वळवली नाही.

"मीठ बरोबर हाय, बाबा. तुमची जीभ बुढी झाली."

जावई घाबरून माझ्याकडे पाहायला लागले. मी दुसरी भाकर मागितली.