स्मूथ म्हणजे काय रं?

वळसंग्या टेबलावर डस्टर ढकलायचा आणि ते सरकत असतानाच पुढं एक खडूची रेघ मारायचा. डस्टर बरोबर त्या रेघेवर थांबायचं. मी घरी दार लावून शंभरदा करून बघितलं, एकदाही जमलं नाही. वळसंगहून एसटीनं यायचा म्हणून वळसंग्या. नाव मीच पाडलं, आणि चांगल्या मनानं नाही.

अकरावी-बारावीची नवी पद्धत नुकतीच सुरू झालेली. तो येईपर्यंत फिजिक्समध्ये मी पहिला. एनर्जीचं गणित आलं की मी फटाफट सूत्र टाकून मोकळा. हा आपला कागदाकडं बघत बसायचा.

"वर एवढी हुती, खाली कमी भरली. मग गेली कुटं?"

"घर्षणात," सर म्हणायचे.

"व्हय सर. घागर सोडताना दोर हातातनं सरकला की तळवा भाजतोय की."

सर खूश. माझ्या बरोबर उत्तराला नुसती मान हलवायचे, त्याच्या चुकलेल्या उत्तरावर अर्धा तास बोलायचे. लई जळायचो मी.

इंजिनिअरिंगची सीट दोघांनाही हवी होती, आणि ती बोर्डाच्या मार्कांवर मिळायची. परीक्षेआधी कॉलेजच्या पायरीवर जुने पेपर सोडवत बसलेलो. त्यानं एका गणितावर बोट ठेवलं.

"स्मूथ उतार म्हनलंय. स्मूथ म्हंजे घर्षण धरायचंच न्हाय का रं? आपली फरशी गुळगुळीत हाय, पण पोतं ओढलं की घासतंयच की."

आमचे सर घर्षण नको असलं की तसं तोंडानं सांगायचे. गणितात स्मूथ म्हणजे घर्षण शून्य, हे मला सात रस्ता चौकातल्या खासगी क्लासमध्ये कळलेलं. त्याला क्लास नव्हता.

मी म्हणालो, "मला पण डाउटच आहे."

पेपरात नेमकं तेच आलं. त्यानं मनानं आकडा धरून घर्षण वजा केलं. त्याची सीट दोन मार्कांनी हुकली, मला मिळाली.

श्रीपूरला साखर कारखान्यात शिकाऊ म्हणून जायच्या आधी तो घरी आला. पेढे घेऊन, माझ्या सीटचे.

"स्मूथला काय धरलास तू?"

"शून्य. अंदाजानं."

"अंदाज लई भारी बसला की तुजा," म्हणाला आणि मनापासून हसला. आईच्या पाया पडून गेला.

आई पेढ्याचा पुडा हातात घेऊन दारातच उभी. "तुझी सीट हुकली असती, तर तू गेला असतास का रे त्याच्याकडं पेढे घेऊन?"

मी हो म्हणालो. आईला काही ते पटलं नाही.