नवरीचा करडा झगा

ओटीली लेमके आमच्या बाबेल्सबर्गच्या स्टुडिओत कपडे शिवायची. बारा वर्षं दिग्दर्शक उलेनब्रोकसाहेबांच्या प्रत्येक मूकपटातली माणसं तिच्याच हातच्या कपड्यांत वावरली. साहेबांचं नाव झालं ते तिच्या डोळ्यांदेखत. ती म्हणायची, "साहेब वर वर गेले, माझी नुसती खुर्ची खोल गेली."

जुन्या फिल्मला रंगांची अक्कल नव्हती. तांबडं काळं दिसे, फिकं निळं पांढरं. खरं पांढरं घालावं तर असं झगझगे की नटीचं तोंड हरवायचं. म्हणून पडद्यावरच्या सगळ्या नवऱ्या ओटीलीने आकाशी कापडात उभ्या केल्या. ही विद्या तिच्या अंगात इतकी भिनली की सख्ख्या पुतणीच्या लग्नालाही तिने आकाशीच झगा शिवला. चर्चच्या दारात विहीणबाईंच्या भुवया चढल्या, तेव्हा कुठे हिला आठवलं की इथे कॅमेरा नाही.

पुढे साहेबांचे दोन सिनेमे लागोपाठ आपटले. तिसरा आपटला तर साहेबही घरी आणि ओटीलीही. त्या तिसऱ्यासाठी कॅमेरावाल्या हाबेलने नवी फिल्म आणली. त्या फिल्मला निळं पांढऱ्याहून वेगळं कळायचं. हाबेलने जेवणघरात सगळ्यांना ते सांगितलं म्हणे. ओटीली म्हणायची, सांगितलं असेल बाई, त्या दिवशी मसुराच्या सुपात सॉसेज होतं, माझे कान कशाला जागेवर असतात!

नवरी पडद्यावर आली ती फरशी पुसायच्या फडक्यासारखी करडी. ओटीलीने सवयीने आकाशीच झगा शिवला होता. पण कोणी ब्र काढला नाही, आणि सिनेमा तसाच लागला. पेपरवाल्यांनी लिहिलं, नको असलेल्या लग्नाचा रंग असा आजवर कोणी दाखवला नव्हता. साहेब पुन्हा मोठे झाले, आणि ओटीली शिवणखोलीची मुख्य झाली. तिची झोप उडाली ती तेव्हापासून.

महिन्याभराने साहेब स्वतः खाली आले. पुढच्या सिनेमात विधवा होती.

"लेमकेबाई, तुमची नजर मोठी. हिला कोणता रंग द्यायचा?"

ओटीलीने टाचणी तोंडातून काढली. नोकरी गेली तर गेली, पण रोज असं मरण नको.

"साहेब, मी पांढराच झगा शिवला होता. म्हणजे आकाशी. नवी फिल्म आल्याचं मला ठाऊकच नव्हतं."

साहेब कापडाच्या गठ्ठ्यावर बसले. 

"मीसुद्धा पडद्यावर तो झगा बघून हादरलो," ते म्हणाले. "कोणाला काढून टाकू, हेच शोधत होतो. तेवढ्यात स्टुडिओच्या मालकांनी विचारलं, हे मुद्दाम केलंत का? मी हो म्हणालो."

"मग आता?"

"आता तुम्हाला काढलं तर मला हो का म्हणालो ते सांगावं लागेल. बसा तिथेच."

"आणि विधवेचा रंग?"

"मला काय ठाऊक, बाई."

मग दोघं चार रंगांचे तुकडे घेऊन हाबेलकडे गेली, आणि कॅमेऱ्यासमोर ते एकेक करून धरू लागली. हाबेल म्हणाला, एवढी मोठी माणसं, आणि हे मला विचारता?